अक्कांची खोली, माशांची खोली

लग्न होऊन शिंदखेड्याहून जळगावला आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी ह्यांना एकच गोष्ट मागत आले: एसी. आणि दर उन्हाळ्यात ह्यांचं उत्तर ठरलेलं. "अगं, कूलर आहे ना! नवीन वाळा बसवून देतो, बघ कसा गारवा येतो." मे महिन्यात आमच्याकडे टाकीतल्या पाण्यानं हात पोळतो, तिथे वाळ्याचा काय पाड लागणार? पण मी ऐकून घेतलं. आणि मग एके दिवशी घरात एसी आला. माशांसाठी!

होय, माशांसाठी. माझ्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "हाई काय नवीनच शे?" आणि हसत सुटला. मला मात्र हसू येत नव्हतं.

आमचे हे मूळचे असोद्याचे, केळीवाले. शहरात ठिबकच्या सामानाचं दुकान. समुद्राशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नाही, घरात मासा शिजत नाही. पण कोकणात एकदा फिरायला गेलो, तिथे कुणाच्या तरी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भली मोठी काचेची टाकी पाहिली, आणि ह्यांच्या डोक्यात किडा शिरला. आमच्याही घरी समुद्र हवा. मी म्हटलं, घरात पाय ठेवायला जागा नाही, समुद्र कुठे मांडताय? तर म्हणाले, "मागची खोली आहे ना."

मागची खोली! ती खोली तर अक्कांची होती.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणतं, म्हणून मीही. सासरे गेल्यानंतर ह्यांनी हौसेनं ती खोली बांधली. खाली, म्हणजे जिना नको. शेजारी मोरी, म्हणजे रात्री लांब जायला नको. अक्का आल्या, खोली पाहिली, छान आहे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी उचलून असोद्याच्या बसमध्ये जाऊन बसल्या. पुन्हा आल्या की तेच. पिशवी खुंटीला टांगायच्या, पण उघडून कपाटात कधी काही ठेवलं नाही. हे विनवण्या करायचे आणि त्यांचं एकच म्हणणं, "अठी मले काही कामच नही रे. तठी गोठा हाये, शेत हाये. अठी नुसती बसून काय करू?"

आता ह्यांनी त्या खोलीत समुद्र मांडायचं ठरवलं. मला वाटलं, चला, हरले बिचारे. आई यायची आशा सोडली.

पण काय ती बांधणी! वजन पेलावं म्हणून फरशी उखडून खाली काँक्रीट ओतलं. खिडकी विटांनी बुजवली. केळी पिकवायच्या थंड खोल्यांना आतून जे जाड फोमचे पत्रे लावतात, ते एका ओळखीच्या केळीवाल्याकडून आणून भिंतींना आणि छताला बसवले. बोअरच्या जड पाण्यासाठी शुद्धीकरणाचं यंत्र, मीठ कालवायला निळे ड्रम, आणि सगळी नळजोडणी दुकानातल्या ठिबकच्या सामानाची. तेच काळे पाइप, तेच कॉक, तीच गाळणी. एक शेतकरी बघायला आला तर टाकीखाली वाकून म्हणाला, "भाऊ, यंदा माशांची लागवड का?" पितळेचा एकही व्हॉल्व्ह मात्र ह्यांनी लावू दिला नाही. तांबं-पितळ खाऱ्या पाण्यातल्या नाजूक जिवांना विष असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवायचे.

टाकी भरायच्या दिवशी अक्कांना मुद्दाम बोलावलं. पाणी पहिल्यांदा भरतंय म्हणजे पूजा तर हवीच. अक्कांनी काचेला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या. मग आपली पिशवी घेऊन परत गेल्या.

पुढे पाणी तयार व्हायला महिनाभर थांबून केशरी-पांढरे मासे आले, शंखातल्या गोगलगाई आल्या, हाताच्या पंजासारखी हलणारी मऊ पोवळी आली, आणि लाल पट्ट्यांचे दोन झिंगे आले. झिंगे हे जिवापाड जपायचे. मी तोंडानं कितीही कुरकुर केली तरी खरं सांगते, दुपारी भांडी आटोपली की मीही तिथेच जाऊन बसायचे. अख्ख्या जळगावात एवढी गार जागा दुसरी नव्हती. शेजारणी भाजी निवडायला यायच्या. एसी माशांचा, पण पाय पसरून आम्ही!

आणि मग एकेक जाऊ लागलं. आधी गोगलगाय पडली. मग पोवळी आक्रसून करपल्यासारखी झाली. मग एक झिंगा, पाठोपाठ दुसरा. मासे तेवढे धडधाकट. हे जेवेनात. आधी पाणी बदललं, मग मीठ बदललं, काही उपयोग नाही. शेवटी टाक्यांचा एक जाणकार फोनवर म्हणाला, पाण्यात तांबं आहे का तपासा. तपासलं तर निघालं!

झालं, घरभर चौकशी. "तू तांब्याचा हंडा घासून टाकीत हात घातलास का?" मी म्हटलं, "हंडा मी वर्षानुवर्षं घासते, एकदा तरी तुम्ही घासला असता तर कळलं असतं कुठे घासतात ते." सगळे पाइप सोडवून पाहिले. कुठे तांब्याचा कण नाही. सगळं खटलं मोडून टाकतो म्हणाले. मी प्रथमच नको म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं.

त्याच सुमारास अक्का आल्या. लेकाचा उतरलेला चेहरा पाहून शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कायले जीव जाळतो? काही होत नही तुह्या पाण्याले. मी पैसा टाकेल हाये ना त्यात. गंगामाय पाहून घेईन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे.

आमच्याकडे तापीच्या पुलावरून बस गेली की हात आपोआप खिडकीबाहेर जातो आणि पाण्यात पैसा पडतो. विहिरीला पाणी लागलं की पैसा, नवी टाकी बांधली की पैसा. पण अक्कांचा हा पैसा तसा साधासुधा नव्हता. मधे भोक असलेला जुना तांब्याचा पैसा. सासऱ्यांनी मळ्यात विहीर खोदली तेव्हा असाच एक पाण्यात टाकला आणि त्याचा जोडीदार अक्कांकडे ठेवायला दिला, पोरगा स्वतःचं पाणी करेल तेव्हा टाक म्हणून. आणि पोरानं पाणी केलं ते हे असं!

अक्का बसनं गेल्यावर ह्यांनी दंडापर्यंत हात घालून दगडांमागच्या वाळूतून तो काढला. हिरवा पडला होता. कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बसले. म्हणाले, "अक्काला सांगायचं नाही. आईशप्पथ सांगायचं नाही." मासे शेजारच्या ड्रममध्ये हलवले, दगड आणि वाळू फेकून दिली, टाकी धुऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पण पुन्हा भरायची तर पुन्हा पूजा. अक्का आल्याच. आणि मी पाहिलं, पदराच्या टोकाला गाठ होती. गावातल्या कुणा म्हातारीकडून आणखी एक तांब्याचा पैसा मागून आणला होता. पहिल्यानं भागलं नाही, तर दुसरा!

हे दारात उभे. माझ्याकडे केविलवाणे बघतायत. मग मीच बोलले. म्हटलं, "अक्का, हे पाणी नदीचं नाही, समुद्राचं आहे. ह्यात तांबं चालत नाही. त्यानंच झिंगे गेले." जेवढं हळू सांगता येईल तेवढं हळू सांगितलं.

अक्का टाकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच मारले?" त्यांनी खुंटीची पिशवी काढली. "जाते मी. अठी मह्या हातून काही चांगलं व्हायचं नही." आवाज अगदी बारीक झाला होता. मला कळलं की ह्या आज गेल्या तर पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाहीत. हे मात्र अजून दारातच.

मला असा राग आला! कुणाचा ते माहीत नाही. राग आला की माझी शिंदखेड्याची बोली बाहेर पडते. निघालात कुठे म्हणून ओरडलेच मी, "कथा चालनात अक्का? बठ्ठं पानी तसंच पडेल शे, मीठ कोन टाकी?"

अक्का थबकल्या. "मीठ?"

"मीठ नाही तर समुद्र कसला? तुम्ही मळ्यात पेरणीची पहिली मूठ टाकता ना? मग इथली कोण टाकणार, मी?"

असोद्यात पेरणीची पहिली मूठ अक्कांचीच असायची, सासरे असतानासुद्धा. त्यांनी पिशवी खाली ठेवली. हात धुतले, पदराला पुसले. ह्यांनी मिठाचं पोतं पुढे केलं. अक्कांनी मूठ भरली, कपाळाला लावली आणि निळ्या ड्रममध्ये सोडली. बाकीचं मीठ ह्यांनी मापानं घातलं. कालवून झाल्यावर अक्कांनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "भाजीत इतकं पडलं असतं तं तुह्या बापानं ताट भिरकावलं असतं!" आणि आम्ही तिघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली.

आणलेला पैसा आता देवघरात आहे, हिरव्या पैशाशेजारी.

दर सोमवारी थोडं पाणी काढून नवं घालावं लागतं. त्यामुळे अक्का त्या आठवड्यात राहिल्या, पुढच्या सोमवारपर्यंतही राहिल्या. खोलीत त्यांची खाट टाकली. एसीत गारठतात म्हणून चादर दोन पदरी घेतात, पण बाहेर झोपायचं नाव नाही. नवे झिंगे आले तेव्हा आधी त्यांनाच दाखवले.

मग असोद्याहून त्यांचा भाचा मोटरसायकल घेऊन आला. म्हणाला, "चल आत्या, गावात सगळे विचारू राहिले, अक्का कधी येते म्हणून."

अक्का मोरीवर हात धूत होत्या. म्हणाल्या, "मले कुठं सवड हाये? सोमवारी समुद्राचं पाणी करनं रायतं." मग आत गेल्या, खुंटीची पिशवी काढली, त्यातली दोन लुगडी कपाटात ठेवली आणि रिकामी पिशवी भाच्याच्या हातात दिली.

"मही बाकीची लुगडी घेऊन ये ह्याच्यात," म्हणाल्या.