झोपला, उठला

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे मुनी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, तो लहान असताना, आणि आता डोक्यावरचे केस पिकले तरी ते सुटलेलं नाही. त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे माझा घाम निघतो. लग्न केलं नाही. का नाही विचारलं तर म्हणतो, राहून गेलं. जसं काही दूध आणायचं राहून गेलं.

खाली माझं शिलाईचं दुकान आहे. नवीन कपडे कमी, दुरुस्तीच जास्त. चेन बदला, कंबर सैल करा, बाह्या आखूड करा. दुकानाच्या वरची खोली मुनीची. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर पाठ उघडलेले लॅपटॉप, वायरींचे गुंते, स्क्रूंच्या डब्या. पलंगाची अर्धी बाजूही मशीननीच अडवलेली. पाहुणा आला तर बसणार कुठे, असं मी ओरडायचे. मग मीच ओरडणं सोडलं, कारण पाहुणा कधी आलाच नाही.

तो नेमकं काय करतो हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. एकदा खनपटीलाच बसले तेव्हा त्याने सांगितलं. म्हणे प्रत्येक लॅपटॉपमध्ये बनवणाऱ्यानेच बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. मशीन सुरू झालं की आधी तो जागा होतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला घरातली माहिती देतो. पंखा किती, बॅटरी किती, झाकण उघडं की बंद. पण बनवणाऱ्यांना घाई असते, त्यामुळे तो कधी कधी धडधडीत खोटं सांगतो. पंखा नसताना आहे म्हणतो. बॅटरी भरलेली असताना संपली म्हणतो. बनवणारे ते दुरुस्त करत नाहीत, काही तर दुकान बंद करून मोकळे झालेले असतात. मग मुनीसारखी माणसं सिस्टीममध्ये एक नोंद टाकून ठेवतात, की बाई गं, समोर अमुक मॉडेल असेल तर त्याच्या तमुक बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस.

मला लगेच पटलं. आमच्याकडेही एक खांदा उतरलेली माणसं येतात. खांदा काय आपल्याला सरळ करता येतो? त्या बाजूला आतून थोडं पॅड घालायचं आणि गप्प बसायचं. मुनी म्हणाला, अगदी तसंच. तेवढ्यावरच स्वारी परत स्क्रीनमध्ये घुसली.

टायपिस्टबाईंचं प्रकरण मला असंच जेवताजेवता कळलं. मी ताट घेऊन वर गेले तर हा स्क्रीनकडे बघून हसत होता. मुनी आणि हसतोय! मी डोकावले. एका बाईची मेल होती, आणि तीत एवढंच लिहिलं होतं: "झोपला, उठला. सगळं ठीक." कोण झोपला, कोण उठला, मला काही उमगेना. म्हटलं, हिच्या घरचं तान्हं बाळ आहे की काय.

ते बाळ म्हणजे एक जुना लॅपटॉप निघाला. बाई कुठल्याशा दूरच्या गावात कोर्टातल्या जबान्या टाइप करायच्या. त्यांच्या लॅपटॉपची खोड अशी, की झाकण मिटलं की तो झोपायचा, पण उघडलं तरी त्याचं फर्मवेअर सांगायचं, झाकण बंदच आहे. सिस्टीमचा त्यावर विश्वास, त्यामुळे ती त्याला लगेच परत झोपवायची. जबानी अर्धी राहायची आणि बाई समोर काळी स्क्रीन घेऊन बसायच्या. त्यांनी तक्रार लिहिली, मुनीने नोंद टाकली, लॅपटॉप उठायला लागला. त्यानंतर सिस्टीमची नवी आवृत्ती निघायच्या आधी मुनी त्यांना ती पाठवायचा, बाई ती आपल्या लॅपटॉपवर चालवून बघायच्या आणि लिहायच्या, झोपला, उठला. त्या नोंदीखाली, तपासणाऱ्याच्या रकान्यात, त्यांचं नाव लागायचं. शेजारी करणाऱ्याचं, म्हणजे मुनीचं.

हे वर्षानुवर्षं चाललं. हळूहळू मेलमध्ये एखादं वाक्य वाढलं. इकडे थंडी फार आहे. आईला बरं नव्हतं, आता ठीक. नंतर एकदा, आई गेली. मुनीने त्यावर काय लिहिलं ते मी विचारलं. म्हणाला, नवी आवृत्ती पाठवायची होती, ती थोडी उशिरा पाठवली. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांच्या कामात एक नियम आहे आणि तो मुनीनेच करून घेतलेला. जुनी नोंद खऱ्या मशीनवर तपासणारं कुणी उरलं नाही, तर ती काढून टाकायची. नाहीतर अडगळ वाढते आणि कुठेतरी दुसरंच काही बिघडतं. दर खेपेला कामावरची पोरं स्क्रीनवरच्या मीटिंगमध्ये म्हणायची, हे मॉडेल आता कोण वापरतंय, काढून टाकू. आणि दर खेपेला मुनी म्हणायचा, एक जण वापरतंय. एकदा त्याचा आवाज एवढा चढला की खाली माझ्या हातातलं गिऱ्हाईकाचं माप चुकलं. जो माणूस रिक्षावाल्याशी भाडं वाढवलं म्हणून भांडत नाही, तो एका जुन्या लॅपटॉपसाठी भांडत होता. तेव्हाच मला काय ते कळलं. त्याला कळलं नव्हतं.

मग एका खेपेला उत्तर आलं नाही. मुनी जेवायला खाली यायचा, दोन घास चिवडायचा आणि वर जायचा. मी विचारलं तर म्हणे, चाचणी अडकली आहे. जीव टांगणीला लागलेला आणि तोंडाने म्हणे चाचणी! मी म्हटलं, फोन कर. तर त्याच्याकडे नंबरच नव्हता, आणि इतक्या वर्षांत मागायचं सुचलंही नव्हतं.

अखेर मेल आली. मला त्याने ती नंतर दाखवली, सगळं आटोपल्यावर. बाईंनी लिहिलं होतं: "लॅपटॉप चालू होत नाही. बॅटरी फुगली. खरं सांगायचं तर कामासाठी मी दुसरा केव्हाच घेतला. हा फक्त तुमच्या चाचणीसाठी ठेवला होता. इथल्या भंगारवाल्याकडे असाच एक पाहिला आहे. तुम्हाला गरज असेल तर घेते. कळवा."

आणि खाली आमच्या शहाण्याचं उत्तर: "गरज नाही. ते मॉडेल आता कोणीही वापरत नाही. इतकी वर्षं मदत केल्याबद्दल आभार."

त्याच दिवशी त्याने नोंद काढून टाकली होती. नियम म्हणजे नियम.

मी ते वाचलं आणि माझा संताप संताप झाला. हातातली कात्री टेबलावर आपटली. म्हटलं, "अरे गाढवा, ती लॅपटॉपचं विचारत होती का?"

तो म्हणाला, "मग सरळ विचारायचं ना, ताई."

"तू विचारलंस का कधी सरळ?"

त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याच्या लहानपणची आठवण झाली आणि मी कात्री उचलून खाली आले. त्यानंतर नव्या आवृत्त्या निघाल्या, पण त्याला कुणाकडे पाठवायच्या नव्हत्या. मी मुद्दाम ताट घेऊन वर जायचे. तो काम करायचा, नीट करायचा, आणि मेल आल्याचा आवाज झाला की मान वर करायचा. कामाच्याच मेल असायच्या. त्या खोलीत एवढी मशीन, पण मला ती इतकी रिकामी कधी वाटली नव्हती. मी सांगितलं, सहज चार ओळी लिही, कशा आहात म्हणून. तर म्हणे, पण कशाबद्दल लिहू? आता लॅपटॉपच नाही.

मग एक दिवस हा माणूस कधी नव्हे तो बाहेर पडला. संध्याकाळी परतला तो हातात मळकट पिशवी घेऊन. भंगारबाजार पालथा घालून त्याने तेच मॉडेल शोधून आणलं होतं. कोपरा तुटलेला, बटणांत कुणाच्या तरी बिस्किटांचा चुरा. ज्या मशीनसाठी इतकी वर्षं भांडला, ते त्याने आधी हातातही घेतलं नव्हतं. माझ्याकडून जुना ब्रश मागून घेतला आणि बटणं साफ केली. नवी सिस्टीम टाकली. झाकण मिटलं, उघडलं. स्क्रीन क्षणभर उजळली आणि परत काळी झाली. नोंद त्यानेच काढली होती, दुसरं काय होणार!

मग तो मेल लिहायला बसला. मी खुर्चीमागे उभी, त्याने हाकललं नाही. लिहून झाल्यावर विचारलं, एवढं पुरे का? त्यात होतं: "तेच मॉडेल मी घेतलं आहे. झोपला. उठत नाही." मी म्हटलं, पुरे, पाठव.

उत्तर यायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात त्या बाईला नावंही ठेवली आणि तिची बाजूही घेतली. आलं तेव्हा मुनीने जिन्यातून हाक मारली, "ताई, वर ये." त्याची हाक मी किती दिवसांनी ऐकली देव जाणे. गिऱ्हाईक तसंच ठेवून गेले.

बाईंनी लिहिलं होतं: "माझ्याकडेही आहे. तुम्हाला विचारलं तेव्हा तो घेऊनच झाला होता. तुम्ही गरज नाही म्हणालात, म्हणून कपाटावर ठेवून दिला."

मुनीने ते परत परत वाचलं. डोळे पुसले, चष्माही पुसला. मग म्हणाला, नोंद आधी परत घालायला हवी, नाहीतर त्यांचा उठायचा नाही. आणि कामाला लागला. मी तिथेच पलंगावरची मशीन बाजूला सारून जागा केली आणि बसले. म्हटलं, नोंद घाल, पण आज फोन नंबर मागितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.