तोकुजीचे धोंडे

इसोए लग्न होऊन जपानमधल्या आशिझुरीच्या टोकाला, समुद्राकाठी आली, तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "तुझा नवरा होडीवर जाईल, पण जीव वरच्या धोंड्यांत ठेवून जाईल. मनाला लावून घेऊ नकोस."

झालंही तसंच. पहाटे तोकुजी कात्सुओ जातीचे मासे धरायला समुद्रावर आणि सुट्टी मिळाली की कोयता घेऊन डोंगरावर. तिथे झाडीत घराएवढाले धोंडे एकमेकांना टेकून उभे होते. कुणी उभे केले, कशासाठी, कुणालाच सांगता येत नव्हतं. तोकुजीने वेली छाटून वाट पाडली. होडीवरचं काम सुटल्यावर आल्यागेल्याला ते दगड दाखवतच तो म्हातारा झाला. इसोए त्याला भाताचे मुटके बांधून द्यायची. स्वतः मात्र कधी वर गेली नाही. "दगडात काय बघायचंय मेलं?" म्हणायची.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग पोटची मुलगी ओळखू येईना. शेवटी बोलणंही थांबलं. वर नेलं तर काहीतरी आठवेल, या आशेने इसोएने एका सकाळी त्याचा हात धरला.

"डोकं फिरलंय का तुझं?" शेजारीण मात्सुए कुंपणावरून ओरडली. "पडाल दोघं!"

"पडलो तर सुटलो," इसोए म्हणाली.

चढताना तिला धाप लागली. त्याची पावलं मात्र वर जाताना हलकी होत गेली. धोंड्यांपाशी पोचताच त्याने पाठ ताठ केली, थंड दगडावर तळवा ठेवला आणि कित्येक महिन्यांनी बोलला.

"जपून या, बाई. शेवाळ आहे."

इसोएला रडू फुटलं. "अहो, बाई काय म्हणता? मी इसोए!"

"हो का? आमच्या मंडळींचंही तेच नाव." तो आदबीने हसला. "कुठून आलात आपण?"

तिने डोळे पुसले. मग तिनेच विचारलं, "मंडळींना नाही आणलंत कधी इथे?"

"किती वेळा म्हटलं, एकदा चल. चांदणं पडलं की हा दगड दुधासारखा दिसतो. तिला नाही आवडत. मग विचारणंच सोडून दिलं."

"आली आहे ती. बघा ना माझ्याकडे."

तो लगबगीने वळला, तिच्या खांद्यावरून वाटेकडे बघत राहिला. "कुठे? दिसत नाही कुणी."

उतरायची वेळ झाली तरी तो हलेना. "तुम्ही व्हा पुढे, बाई. ती येतेय म्हणालात ना?" इसोएने दंड धरून ओढलं, तसा तो घाबरून किंचाळला, "सोडा! कोण तुम्ही?" आणि त्याने तिच्या तोंडावर मारलं. आरडाओरडा ऐकून मात्सुएचा नवरा धावत वर आला आणि त्याला पाठुंगळीला घेऊन घरी आला. वाटभर तोकुजी लहान मुलासारखा रडत होता.

त्यानंतर मुलीने त्याला दूर कोची शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. इसोए बस बदलत भेटायला जायची, तिला बघताच तो पांघरुणात तोंड लपवायचा. पुढे तिथल्या बाईच म्हणाल्या, "आजी, तुम्ही न आलेलं बरं. रात्रभर झोपत नाहीत मग ते."

तिने जाणं बंद केलं. हिवाळ्यात, कामेलियाची लाल फुलं फुलायच्या दिवसांत तो गेला. तेव्हा त्याच्याजवळ घरचं कुणी नव्हतं.

अजूनही कधी कोणी वाटसरू दार ठोठावतो, धोंडे दाखवणारे आजोबा इथेच राहतात का, म्हणून विचारतो. इसोए आत बसून राहते. तो कंटाळून निघून जाईपर्यंत ती हूं की चूं करत नाही.