गाडी गॅरेजला होती ती दिवाळी

आमच्याकडे दिवाळीची चाहूल फराळानं लागत नाही, फ्रिजच्या खोक्यांनी लागते. नवरा एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचा माल स्वतःच्या पिकअपमधून घरोघरी पोचवतो. दसऱ्याला लोक बुकिंग करतात आणि लक्ष्मीपूजनाच्या आत फ्रिज, वॉशिंग मशीन दारात पाहिजे म्हणून दुकानदाराच्या डोक्यावर बसतात. दुकानदार आमच्या डोक्यावर बसतो. एरवी आमचे हे तसे शांत गृहस्थ, पण त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायचं तर आधी हातात चहाचा कप द्यावा लागतो.

गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले असतील. वेरूळला दोन फ्रिज पोचवायचे होते. माझा भाऊ तिथंच राहतो, म्हणून मीही पुढच्या सीटवर चढून बसले. दौलताबाद मागं टाकलं, घाट सुरू झाला, यांनी गाडी दाबली आणि बॉनेटखालून खाडकन आवाज आला. मग कर्कश शिट्टी वाजायला लागली आणि गाडीची ओढच गेली. ॲक्सिलेटर पार खाली, तरी गाडी चालतेय माणसाच्या चालीनं, आणि मागून काळा धूर असा की आरशात रस्ता दिसेना. मागं शाळेच्या सहलीची बस होती. तिच्या खिडक्यांतून सगळी पोरं नाक धरून आमच्याकडं बघत होती. मी पदर तोंडावर घेतला. धुरासाठी नाही, तोंड लपवायला.

"टर्बो गेला," हे म्हणाले. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा छोटा पंखा. तो नीट फिरला तरच डिझेल गाडी भरला माल घेऊन चढावर चढते. आमचा टर्बो गणपतीच्या आधीच दुरुस्त करून बसवला होता. म्हणजे अजून त्याचं नवेपणही गेलं नव्हतं. हे घाटातच गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाले, "डुप्लिकेट पार्ट टाकला त्यानं. लई विश्वास ठेवला म्या."

'त्यानं' म्हणजे आमच्या शहराच्या छावणी भागातल्या मिस्त्रींनी. आमच्या लग्नाच्या आधीपासून यांच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हातच्या. माणूस मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या बढाईचा. शहरात डिझेल इंजिन दोघांनाच कळतं, एक मला आणि दुसरा वारला, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. 'कल होता', म्हणजे उद्या होईल, असं म्हणाले की तो कल कधी उगवेल ते त्यांनाच ठाऊक. पण ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा आला नाही आणि दिवाळीला आमचा फराळाचा डबा गेला नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही.

गाडी दोरानं ओढत छावणीत नेली. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी पाइप खोलला आणि फोनवर एवढंच सांगितलं की पंख्याची पाती तुटली आहेत, आतला अख्खा गाभा बदलावा लागेल, आणि तो पुण्याहून येईल. कशानं तुटली, हे यांनी विचारलंच नाही. ते यांना आधीच माहीत होतं ना! थेट गॅरेजवर जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर बोलून आले.

त्यानंतर गाभा पुण्याहून आला, पण तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. तो परत गेला. दिवाळीच्या गर्दीत दुसरं पार्सल कुठं अडकलं ते कुरिअरवाल्यालाही सांगता येईना. दुकानाचा माल आमच्या चौकातल्या स्टँडवरच्या दुसऱ्या पिकअपवाल्यांना जायला लागला. हे दिवसभर त्या स्टँडवर रिकामे बसायचे. रिकामा बसलेला माणूस बोलतो. मी एकदा भाजी घेऊन येत होते, तर यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ऐकू आला. "छावणीत गाडी नेऊ नका कोणी. वरून नवा, आतून डुप्लिकेट. माझी दिवाळी खाल्ली त्यानं." ऐकणारे सगळे ड्रायव्हर. त्यांच्यातले निम्मे मिस्त्रींचीच गिऱ्हाइकं. एकजण म्हणाला, "व्हय, मलाबी शंका व्हतीच." मला तिथंच यांचा हात धरून घरी ओढत न्यावंसं वाटलं. पण बाई माणसानं स्टँडवर जाऊन नवऱ्याला बोलायचं नसतं, असं स्वतःला सांगून मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढं चालू लागले. यांची लाज वाटली, आणि चालू लागले म्हणून स्वतःचीही.

फराळ झाला तेव्हा मी नेहमीसारखा एक डबा वेगळा काढला. यांनी तो पाहिला. "यंदा तिकडं डबा जायचा नाय."

मी बरं म्हटलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हे आंघोळ करून बाहेर पडले, तसा मी तोच डबा पिशवीत घातला आणि रिक्षा करून छावणीत गेले.

दिवाळीच्या तोंडावर त्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग असते, दर वर्षी बघते मी. त्या दिवशी आमची पिकअप होती आणि एक जुनी जीप. मिस्त्री पाटावर बसून पेपर वाचत होते. इतक्या सकाळी पेपर वाचत बसलेले ते मला कधी दिसले नव्हते. मला बघून उठले, पाट पुसून पुढं सरकवला, डबा दोन्ही हातांनी घेतला. गाडीबद्दल मी विचारायच्या आधीच म्हणाले, "कल पार्सल येतंय भाभी. पक्का कल."

मी आमच्या गाडीपाशी गेले. उगीच, काही करायला नव्हतं म्हणून. आत डोकावले तर डॅशबोर्डवर आमच्या देवाचा फोटो असतो, त्याच्यापुढं एक पांढरा रुमाल घडी करून ठेवला होता. रुमालावर काहीतरी तपकिरी तुकडे होते. हात घालून एक उचलला. सुपारीचा तुकडा. एका बाजूला कुंकू लागलेलं.

आता हे सांगायला हवं. आमच्या सासूबाईंची एक रीत होती. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची तर हळदकुंकू वरवर लावून भागत नाही, विडा-सुपारी यंत्राच्या पोटाशी ठेवायची, जिथं ते काम करतं तिथं. शिलाई मशीनच्या चाकाशी, मिक्सरच्या भांड्याखाली, तशी गाडीच्या इंजिनावर. त्या गेल्या, रीत माझ्याकडं आली. दसऱ्याला सकाळी यांनी गाडी धुतली, बॉनेट उघडलं, हवेचा जाड रबरी पाइप पुसायला म्हणून एका टोकाला काढून तसाच वर तोंड करून ठेवला आणि झेंडूच्या माळा आणायला गेले. मी ताट घेऊन आले. पूजा केली, पाइपाच्या तोंडाशेजारी सपाट जागा बघून पान मांडलं, त्यावर सुपारी ठेवली. हे आले, घाईत पाइप बसवला, माळ बांधली, बॉनेट लावलं. दुसऱ्या दिवशी इंजिनावर सुकलेलं पान सापडलं आणि सुपारी नाही. मी म्हटलं, उंदरानं नेली.

नेली नव्हती. पाइपात पडून दबा धरून बसली होती आणि घाटात हवेचा जोर वाढल्यावर सुटून त्या फिरत्या पंख्यावर आदळली होती.

"पहिल्याच दिवशी भेटली," मिस्त्री मागून म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "पूजेची चीज आहे. कचऱ्यात कशी टाकू? म्हणून वेचून देवापाशी ठेवली."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमच्या पूजेनं गाडी मोडली, असं मी बोलू?" त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "मैं बोलूं? दुसरा कोणी मिस्त्री असता तर हसत बोलला असता, तुम्हीपण हसला असता. माझ्या तोंडातून निघालं तर त्या बाताचं काय काय होईल, तुम्हाला माहीत नाही का भाभी?"

मला माहीत होतं. या शहरात राहणाऱ्या कोणालाही माहीत असतं.

मग त्यांचा मूळचा आवाज परत आला. "आणि भाईनं एक बार तरी विचारायचं ना, कशानं तुटलं! इतनी बरसां की पहचान. आले ते डायरेक्ट डुप्लिकेट! मेरे कू डुप्लिकेट!"

मी तिथं डबा घेऊन आलेली बाई. माझ्या हातानं ठेवलेल्या सुपारीनं गाडी मोडली होती. माझ्या नवऱ्याच्या तोंडानं या माणसाचं गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि हा माझ्यासाठी पाट पुसत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण बोलताना सहज म्हणतो. त्या दिवशी मला ते खरंच वाटलं. मी माफी मागितली की नाही, हेही नीट आठवत नाही. काहीतरी पुटपुटले आणि निघाले.

दुपारी यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुपारी तू ठेवली."

"पाइप तुम्ही उघडा टाकला."

"मग बघून ठेवायची व्हती!"

"आणि बोलायच्या आधी तुम्ही विचारायचं होतं!"

असं आम्ही ऐन लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीसमोर भांडलो. शेवटी ते पलंगाच्या कडेला बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "स्टँडवर बोललो ना म्या? स्टँडवरच सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो, माझी चूक झाली, मिस्त्रीची नाय. मंग तर झालं?" त्यांचा चेहरा बघून माझा राग गेला. हा माणूस सांगणार, याची मला खात्री वाटली. त्या संध्याकाळी मी मनापासून आरती म्हटली.

पार्सल पाडव्याला आलं. सणाच्या दिवशी, आजूबाजूची सगळी दुकानं बंद असताना, मिस्त्रींनी एकट्यानं टर्बो बसवला. भाऊबीजेला सकाळी फोन आला की गाडी घेऊन मीच स्टँडवर येतो. मला भावाकडं वेरूळला जायचंच होतं, म्हणून मी ओवाळणीचं ताट, मिठाई पिशवीत घेऊन यांच्याबरोबर चौकात जाऊन उभी राहिले.

गाडी आली. धूर नाही, शिट्टी नाही. स्टँडवरचे सगळे गोळा झाले. मिस्त्रींनी उतरून बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं, आणि यांना सीटवर बसवून म्हणाले, "दाबा भाई." यांनी दाबलं. इंजिन गोड आवाजात चढलं. मी पलीकडून चढून यांच्या शेजारी बसले. एका ड्रायव्हरनं, ज्याला आधीपासून शंका होती त्यानंच, विचारलं, "मंग शेवटी झालं काय व्हतं?"

मिस्त्री फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले आणि यांच्याकडं बघत राहिले. सगळेच यांच्याकडं बघत होते. मीही.

हे हसले. "काय नाय रे. पार्टच खराब निघाला. कंपनीचा फॉल्ट. मिस्त्रीची काय चूक नाय त्याच्यात."

खरं सांगायचं तर वाक्य वाईट नव्हतं. मिस्त्री सुटले, आम्हीही सुटलो, न दिसणाऱ्या कंपनीवर ढकलून सगळे मोकळे. ड्रायव्हर मान हलवायला लागले. मिस्त्रींनीही मान हलवली आणि बॉनेट खाली घेतलं. पण त्यांनी ज्या तऱ्हेनं मान हलवली ती मला बघवेना. मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि बोलून गेले.

"पार्ट चांगला होता. पहिलाही चांगलाच होता. दसऱ्याला पाइप उघडा होता, माझ्या हातची सुपारी आत पडली. यांना लक्ष्मीपूजनापासून माहीत आहे."

कोणीतरी फिसकन हसलं, मग थांबलं. ड्रायव्हर इकडं तिकडं बघायला लागले. यांचे कान लाल झाले. मी खरं बोलले होते आणि नवऱ्याला त्याच्याच माणसांत उघडं पाडलं होतं. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

मिस्त्री यांच्या खिडकीपाशी आले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. आत हात घालून चावीला लटकणारी आमची जुनी दोरी सरळ करत, स्टँडवरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात यांना म्हणाले, "भाभी बोलल्या, चांगलं झालं. लेकिन भाई, मैं समझा था तुम बोलोगे."

एवढं बोलून ते वळले. गाडी त्यांनीच आणून दिली होती, तेव्हा परत जायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. फडकं खांद्यावर टाकून ते छावणीच्या दिशेनं पायी निघाले. छावणी काही जवळ नाही, आणि आमचं इंजिन चालू होतं.

"हाक मार ना त्यांना," हे मला म्हणाले. "सोडून येऊ."

"तुम्ही मारा."

यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एकदा घसा साफ केला. मिस्त्री पानटपरीपर्यंत पोचले, मग कोपऱ्यापर्यंत. यांचं तोंड उघडं होतं. मी वाट बघत होते. मिस्त्री कोपऱ्यावरून वळले तरी यांच्या तोंडून हाक निघाली नाही.