टेस्टिंगचं टेबल पूजेत होतं

आमच्या कांजूरमार्गच्या गाळ्यात जुने लॅपटॉप, टॅब दुरुस्त होऊन परत विकायला जातात. मी मालन, पॅकिंगला. दर्शना पालव टेस्टिंगला. तिने सोडल्याशिवाय खोक्याला चिकटपट्टी लावायची नाही, हा तिचा कायदा. वायर काढून प्रत्येक वस्तू दिवसभर बॅटरीवर चालवणार, मगच सोडणार. मालक यज्ञेशशेठ घाई करायला लागले की ही म्हणायची, "गिऱ्हाइकाच्या घरी बंद पडलं तर तुम्ही जाणार शिव्या खायला?" अशी खमकी बाई!

तिचा धाकटा भाऊ सुयोग. आजारात आधी हातपाय गेले, मग वाचा गेली. उरले फक्त डोळे. नजरेने अक्षरं जुळवली की तो शब्द मोठ्याने बोलणारा एक टॅब दर्शनाने त्याच्यासाठी स्वतः तयार केला, नवीन बॅटरी घालून. तो तयार झाला नेमका दसऱ्याच्या सकाळी.

दसऱ्याला गाळ्यात अवजारांची पूजा असते. टेस्टिंगचं टेबल, मीटर, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. मी म्हटलं, "अगं, राहू दे आज. उद्या तपासून ने ना." तर म्हणते, "आई वाट बघतेय. दसऱ्याची नवी वस्तू आजच घरात यायला हवी. आणि घरचंच तर आहे गं." घरचंच! आग लागो त्या मुहूर्ताला.

घरी मात्र झकास चाललं. सुयोगचं पहिलं वाक्य काय, तर "आई, आमटीत मीठ नाही." आई हसली, रडली, परत हसली. टॅब कायम पलंगाशेजारी, चार्जरला लावलेला. बॅटरी कशी आहे ते कुणाला कळणार?

दिवाळीनंतर त्याला श्वास घेता येईना. अँब्युलन्स बोलावली. दर्शनाने वायर काढली आणि गाडीत टॅब त्याच्यासमोर धरला. त्याचे डोळे अक्षरं शोधत होते. टॅब बोलला, "ताई, तू..." आणि स्क्रीन काळी. तिने बटणं दाबली, हलवला, थोपटला. काही नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि हॉस्पिटल यायच्या आत गेला.

सुतक फिटल्यावर ती कामावर आली आणि आधी ती बॅटरी काढून टेबलावर लावली. बॅटरीने तिथल्या तिथे मान टाकली. तपासली असती तर दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

रोज डबा उघडला की ती मला विचारते, "मालन, त्या 'तू'च्या पुढे काय असेल गं?" मी चिडते, तिच्यावर नाही, त्या मेल्या बॅटरीवर. म्हणते, "तू जेवून घे, असंच म्हणायचं असेल. भाऊ दुसरं काय सांगणार?"

परवा तिने मान हलवली. म्हणाली, "नाही गं. जन्मभर दर्शे, दर्शे करायचा मला. ताई त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला."