भिंतीतल्या चिंध्या

आमच्या सैपाकघराची मागची भिंत भूकंपात चिरली होती, हे घरात दोघींनाच ठाऊक होतं. सासूबाईंना आणि मला.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमचं गाव औशाजवळ. गावाला हादरे बसले, पण आमच्या आळीत घर पडलं नाही. चार दिवसांनी मी कोपऱ्यातली उतरंड धुवायला काढली, तर मागं भिंतीवर वरून खाली एक भेग दिसली. दोऱ्यासारखी. सासूबाईंना दाखवली. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "कुणाला बोलू नको. पंचनाम्याची माणसं यायलीत. भेग दिसली तर घर पाडा म्हणतील. तुझ्या सासऱ्याला काय पत्र्याच्या शेडात न्यायचं? आन् नवऱ्याला बी सांगू नको. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

मी माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली, पांढऱ्या मातीत भिजवली, विळ्याच्या टोकानं भेगेत कोंबली. वरून शेणमाती लिंपून पोतेरं फिरवलं. उतरंड पुन्हा लावली. पंचनाम्याची माणसं आली, दारातूनच डोकावली. एकानं विचारलं, "आत काही नुकसान?" मी पदर पुढं ओढून मान हलवली. नव्या सुनेला कोण जास्त विचारणार?

पुढं दर दसऱ्याला घर सारवताना मी उतरंड काढायचे. भेग दोन वर्षांत नखाएवढी झाली. पोरगं शाळेत जायला लागलं तेव्हा तिच्यात बोट जात होतं. मग पोराचा फाटका सदरा कोंबला. नंतर यांचं धोतर, मग माझं जुनं पातळ. सासूबाई गेल्या, सासरे गेले. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी लिंपत राहिले.

सांगवत नव्हतं त्याला एक कारण होतं. हे त्या भिंतीचं लई कौतुक करायचे. पाहुणा आला की त्याला आत आणायचे, बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी भिंतीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "माझ्या आजोबानं रचलेली हाय. भूकंप पचवला हिनं." मी चुलीपुढं बसून ऐकायचे. थाप पडली की उतरंड हलते का बघायचे.

गेल्या वर्षी पोरानं लातूरहून हट्ट धरला. आता दोघांचं वय झालं, गाव सोडा, माझ्याकडं या. हे म्हणाले, "घर नीट करून घेतो. फरशी, ओटा, घरातच संडास. मग आम्हाला कुठं जायची गरज न्हाई." शेवटी बापलेकांचं ठरलं की मिस्त्री सांगेल तसं करायचं. भिंती अजून वीस वर्षं टिकतील म्हणाला तर राहायचं, नाहीतर लातूर.

मिस्त्री औशाचा. म्हातारा, हाडाचा कारागीर, सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो हातोडीची मूठ भिंतींवर वाजवत आला. बाहेरची खोली झाली, मधलं घर झालं. "दगड बोलतोय, चांगलं हाय," म्हणाला. सैपाकघरात आला आणि थांबला.

"हितं बद वाजायलंय, पोकळ."

"काय चाचा, भूकंप पचवलेली भिंत हाय ती."

"पचवला का पोटात दाबून ठिवला, ते बघू द्या की मालक."

त्यानं उतरंड बाजूला सारली आणि खुरप्यानं लिंपण खरवडलं. भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटायला लागले. मग चिंधी लागली. ती ओढली तर तिच्यामागं दुसरी.

"वैनी, भिंतीत कापडाचं दुकान घातलंय का काय!"

त्याच्या हाताखालची बाई हसली. हेही हसले. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मिस्त्री ओढत राहिला. आधी माझं पातळ निघालं, मग धोतर. हसणं कमी झालं. मग सदऱ्याचा तुकडा निघाला, त्याला अजून एक गुंडी होती. यांनी तो हातात घेतला, उलटा सुलटा केला. शेवटी हिरवी पट्टी निघाली. यांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं बघितलं.

मिस्त्रीनं पहारीनं एक दगड सैल करून काढला. पोत्याला भोक पडल्यावर ज्वारी सांडते तशी आतून माती वाहायला लागली. थांबेचना. त्यानं हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठभर भुसा बाहेर काढला. तो लाकडाचा होता. भिंतीच्या आत खांब होता, त्याचा.

"तौबा," तो हळूच म्हणाला. "दोन्ही अंगाचे दगड येकमेकाला धरूनच न्हाईत. मधल्या मातीच्या आधारानं उभे होते. वरच्या मातीच्या माळवदाचं पाणी भेगेतून आत मुरलं, माती खाली बसली, खांब उधईनं खाल्ला."

"मग येवढी भिंत पाडून बांधू," हे म्हणाले.

"दहा वर्सामागं सांगितलं असतं तर तुळईला टेकू देऊन येवढीच उतरवली असती. आता तुळईचं टोक बी गेलंय. हात लावला की सगळं माळवद खाली येतंय. मालक, घर उतरवावं लागंल."

चहा तसाच निवला.

मिस्त्री गेल्यावर यांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी?"

"भूकंपात."

"म्हंजे लई दिस झाले," म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. सासूबाईंनी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणणार होते. पण त्या जाऊनही वीस वर्षं झाली होती. त्या वीस वर्षांतल्या चिंध्या माझ्याच होत्या.

घर उतरवताना आळीतले लोक गोळा झाले. काय झालं म्हणून सगळे विचारत होते. हे प्रत्येकाला एकच सांगायचे, "जुनं झालं होतं हो. किती दिस टिकणार?" माझं नाव काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता लातुरात पोराच्या घरी आहोत, तिसऱ्या मजल्यावर. सून चांगली आहे. पाहुणे येतात, हे खुर्चीवर बसून असतात. विचारलं तेवढंच बोलतात. सोमवारी मात्र सकाळच्या एसटीनं गावाकडं जातात. रिकाम्या जागेवर दगड रचून ठेवलेत, तिथं बसतात आणि दिवस मावळायच्या आत परत येतात. मी फडक्यात भाकरी बांधून देते. काय केलं, कोण भेटलं, काही विचारत नाही.

मागच्या सोमवारी मी धीर करून म्हणाले, "मी येऊ का?"

हे चपला घालत होते. खाली बघूनच म्हणाले, "तू कशाला येतीस? तिथं सावली न्हाई कुठं."