न पिणाऱ्याचं नाक

आखातातल्या नोकरीचा माझा करार संपत आला होता, म्हणून मी गोऱ्या साहेबाला कुरुमच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. एकाच द्राक्षाच्या दोन पांढऱ्या वाइन मागवल्या. एक ओकच्या पिंपात मुरवलेली, दुसरी स्टीलच्या टाकीतली. आदल्या दिवशी मासिकात वाचलेलं सगळं पाजळत मी एक ग्लास साहेबापुढे सरकवला. "ही पिंपातली!"

वेटर रत्नागिरीकडचा होता. ग्लास ठेवताना तो तोंड जरा बाजूला वळवायचा. त्यानं तो ग्लास अलगद उचलला आणि तिथे दुसरा ठेवला. "सॉरी सर, ठेवताना माझ्याकडूनच अदलाबदल झाली."

साहेबानं घोट घेतला आणि माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

निघताना मी वेटरला हळूच विचारलं, "तुम्ही घेता वाटतं?"

"तौबा, साहेब! बाप होड्या बांधायचा. लाकडाचा वास नाकात बसलाय."

करार वाढला. साहेब मला जाणकार समजू लागला आणि दर पार्टीला चव सांगायला मलाच पुढे करू लागला. मग पार्टी मी त्याच हॉटेलात ठेवायचो, तीसुद्धा त्या वेटरची ड्यूटी कधी आहे हे फोनवर विचारून.