ऐंशी मीटरवरचा हात

जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून देणारा तो माणूस. गल्लीत सगळे त्याला वाइंडर म्हणत, बायकोसुद्धा. भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. मोटार घरघरली तर बेअरिंग गेलेलं असतं, एवढं साधं त्याचं तत्त्वज्ञान. त्यामुळे बायको गेल्यानंतर एका पहाटे रेडिओवर तिचा हात ऐकू आला, तेव्हा त्याने आधी सगळ्या जोडण्या तपासल्या.

हात म्हणजे तार पाठवायची कळ दाबण्याची ढब. बायको तारऑफिसात कामाला होती. कट्ट कडकट्ट करणारे कितीही असले, तरी जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखावं तसा जाणकाराला प्रत्येकाचा हात ओळखू येतो. तिचा शेवटचा डॅश, म्हणजे मोर्समधला लांब ठोका, जरा रेंगाळायचा. तारऑफिस बंद झालं, तेव्हा तिने हौशी रेडिओचा परवाना काढून मागच्या खोलीत कळ मांडली. वाइंडर तिच्याकडूनच शिकला आणि त्यानेही परवाना मिळवला.

तिला ज्यांनी शिकवलं ते तारमास्तर निवृत्त होऊन समुद्रापलीकडे लेकीकडे गेले होते. ते तिला चिमणी म्हणायचे. जाताना तिच्या परवान्याची खूण, म्हणजे रेडिओवरचं तिचं नाव, ते लिहून घेऊन गेले होते. त्यांचा ठावठिकाणा एवढाच माहीत, की पहाटे ते ऐंशी मीटर लांब लहरींच्या बँडवर असतात. वाइंडरच्या अंगणातला एरियलचा खांब मात्र चाळीस मीटरच्या लहरींपुरताच उंच, ऐंशीवर त्यातून बोलता येत नसे. ती म्हणायची, खांब वाढव की. शेजाऱ्याच्या छपरावर पडेल, बघू पुढे, अशी तो टोलवाटोलवी करायचा. मास्तर आता कुठले जिवंत असायला, असंही एकदा बोलून गेला. त्यानंतर तिने खांबाचा विषय काढला नाही. मग तीच गेली.

आणि आता त्याच बँडवर, खरखरीत बुडालेला, तिचा हात. कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं. अक्षरं जुळत नव्हती, रेंगाळणारा डॅश तेवढा कळत होता. ऊन चढलं की आवाज विरायचा, हे या बँडचं नेहमीचंच, पण तो उठायचा नाही. तो रोज पहाटे हेडफोन लावून बसू लागला. दुकानात गिऱ्हाईक बोलत असायचं आणि याचा जीव त्या डॅशमध्ये अडकलेला. लेक भेटायला आली, दोन पहाटे तिने हे पाहिलं आणि शेवटी शेजारी येऊन बसली.

"बाबा, आई नाहीये तिथे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण हात तिचाच आहे."

कोण आहे ते विचारल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. त्यासाठी आहे तोच खांब ऐंशीवरही बोलता करायला हवा होता. उपाय होता ट्रॅप: तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि जोडीला कपॅसिटर. तो खांबाच्या टोकाला बसवायचा आणि त्याच्यावर आणखी थोडा तुकडा जोडायचा. चाळीसच्या लहरींना ट्रॅप तिथेच अडवतो. ऐंशीच्या लहरींना वर जाऊ देतो आणि कमी पडणारी उंची वेटोळ्यातली तार भरून काढते.

वेटोळं गुंडाळणं हा तर त्याच्या हातचा मळ. मोजलं, बरोबर आलं. मग जन्मभराच्या सवयीने त्याने ते वार्निशात बुडवलं, भट्टीत भाजलं आणि वर चढवलं. खांब दोन्ही बँडवर रुसून बसला. तिलाच हे नको असेल, असा विचार भूत न मानणाऱ्या त्या माणसाच्या मनात आला. त्याने मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि चार दिवस तिकडे फिरकला नाही. अखेर ट्रॅप उतरवून पुन्हा मोजला, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. वेढ्यांमधल्या फटींत वार्निश भरलं होतं, तिथेच सगळं माप सरकलं होतं. मोटारीला जे जगवतं तेच इथे नडलं. नव्या वेटोळ्याचे वेढे त्याने सुटेसुटे ठेवले आणि वार्निशाचा डबा माळ्यावर टाकला.

दुसऱ्या पहाटे आवाज स्वच्छ आला. अक्षरं जुळली. हात तिचा होता आणि हाकही तिलाच होती, तिच्याच परवान्याच्या खुणेने. त्याने कळीवर कसाबसा एकच शब्द उमटवला: कोण?

क्षणभर खरखर. मग उत्तर आलं. "चिमणी, आलीस? किती वाट पाहायला लावलीस."

वाइंडरला सगळा उलगडा झाला. हात मास्तरांचा होता. तोच तिच्यात उतरला होता, आणि तिच्याकडून त्याच्यात. त्या एका शब्दातल्या हातावरून म्हाताऱ्याने त्याला चिमणी समजलं होतं. हो, आले, असं म्हणून टाकावं, असं त्याला फार वाटलं. निदान एका माणसासाठी तरी ती जिवंत राहिली असती. खिडकीत उजाडत होतं, बँड मिटायला आला होता. त्याने कळ दाबली.

"ती गेली, मास्तर. मी तिचा नवरा. खांब वेळेवर वाढवला नाही, चूक माझी."

ऊन भिंतीवर आलं. खरखर वाढत गेली, आणि तिच्या तळातून, विरत विरत, मास्तर बोलले.

"हात तिचाच आहे. उद्या ये."

शेवटचा डॅश रेंगाळला आणि बुडाला. वाइंडरने हेडफोन काढला. आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून तो बराच वेळ तसाच बसून राहिला.